इंग्रजी शिकवायला परदेशी जायचंय, शिल्लक नेमकी कुठे पडते?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

एम.ए. इंग्रजी, बी.एड. सांगली जिल्ह्यात एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. पैसे तासावर, आणि ते हातात पडेपर्यंत पुढचं सत्र निम्मं उलटलेलं असतं. आधी एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दोनेक वर्षं काढलीत. घरावर कर्ज आहे. तीन वर्षं बाहेर राहून पंधराएक लाख शिल्लक टाकायची आणि परत यायचं, असा विचार आहे. डोक्यात थायलंड, व्हिएतनाम, दुबई-शारजा आणि जपान आहेत. यूट्यूबवर सगळेच म्हणतात 'भरपूर पैसे वाचतात', पण ते सगळे गोरे. आपल्या पासपोर्टवर काय चित्र आहे? दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्याचा कुठे अडथळा येतो का? फिरायची हौस आहे, पण तो नंबर दुसरा.

भटकभवानी
थायलंड! डोळे झाकून. स्वस्त, सुरक्षित, माणसं गोड, आणि शनिवार-रविवार बेटं. आणखी काय पाहिजे?

खवचट_खान
पंधरा लाख पाहिजेत असं लिहिलंय त्यांनी. बेटं नकोत.

नोंथाबुरीचा_मास्तर
भटकभवानी, तुम्ही इथे सुट्टीला आला होतात. मी इथे नोकरी करतो. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

थायलंडमध्ये भारतीयाला शाळेत नोकरी मिळते, यात वाद नाही. पदवी हवी, नॉन-बी (म्हणजे नोकरीचा) व्हिसा हवा, वर्क परमिट हवं आणि शिक्षक परिषदेचा (इथे 'खुरुसपा' म्हणतात) परवाना किंवा तात्पुरती सूट हवी. तुमचं बी.एड. आहे, ही फार मोठी जमेची बाजू. आपण 'नेटिव्ह' नाही, म्हणून टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागतात, बहुतेक ठिकाणी ६०० च्या वर. ते तुम्हाला जड नाही.

आता पगार. साध्या सरकारी शाळेत एजन्सीमार्फत लागलात तर २५ ते ३० हजार बाट. त्याच स्टाफरूममध्ये त्याच वर्गांना शिकवणारा इंग्लंडचा पोरगा, बी.एड. नाही, अनुभव नाही, त्याला ३८. पहिलं वर्ष मला याचा फार राग यायचा. आता त्याच्याच मोटरसायकलवर मागे बसून घरी येतो.

रोजचं काम म्हणाल तर सकाळी साडेसातला फाटकावर उभं राहायचं. पोरं एकेक करून थांबतात, दप्तर सावरतात, हात जोडून वाकतात, आपण 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. आठच्या ठोक्याला राष्ट्रगीत, मग प्रार्थना, मग मुख्याध्यापकांचं भाषण, ऊन चढेपर्यंत. वर्गात पन्नास पोरं. जूनमध्ये गुरुवारी 'वाइ ख्रू' असतं, म्हणजे त्यांची गुरुपौर्णिमाच. फुलांची तबकं घेऊन पोरं गुडघ्यांवर सरकत येतात. आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या माणसाला हे पाहून भरून येतं, खरं सांगतो.

पण शिल्लक? २८ हजार धरा. खोली ५, जेवण ७, जाणं-येणं २, फोन-दवाखाना-किरकोळ ३, कपात हजारभर. उरले १० हजार. बाट अडीच-पावणेतीन रुपये धरला तर २५-२७ हजार रुपये. आणि एजन्सीचा करार बहुतेकदा दहा-अकरा महिन्यांचाच असतो. मार्च ते मे शाळा बंद, पगार बंद, भाडं चालू. वर्षाला अडीच लाखांच्या वर जाणं अवघड, त्यातून विमानाचं तिकीट. तीन वर्षांत पंधरा लाख? नाही हो.

इंटरनॅशनल शाळेत लागलात तर गणित वेगळं. पण तिथे सही होईपर्यंत ते गणित मांडू नका.

भटकभवानी
बरं बाबा. माघार. :)

शारजाकर
मास्तर, झकास लिहिलंत. आता माझी बाजू. मी आणि बायको दोघंही इथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांत आहोत.

कृष्णाकाठ, तुम्ही 'इंग्रजी शिकवणारी परदेशी' या बाजारात उभ्या राहिलात की तुमचा पासपोर्ट बघतात. 'इंग्रजी विषयाची शिक्षिका' या बाजारात उभ्या राहिलात की तुमचं बी.एड. आणि अनुभव बघतात. आखातात सीबीएसई शाळा ढिगाने आहेत आणि त्यांना दर एप्रिलला शिक्षक लागतात. तिथे तुम्ही कुणापेक्षा कमी नाही.

आकडे देतो. नवीन शिक्षिकेला ३ ते साडेचार हजार दिरहम. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत दुप्पट-तिप्पट, पण तिथे पुन्हा तोच पासपोर्ट आडवा येतो, अगदीच बंद दार नाही पण अरुंद आहे. समजा ४,२०० मिळाले. शारजात मैत्रिणींसोबत बेड स्पेस (म्हणजे सामायिक खोलीत एक पलंग) ९००, जेवण ७००, फोन १५०, बाकी ४००. शाळेची बस बहुधा फुकट. उरले दोन हजारांच्या वर. दिरहमला २३ रुपये धरा, ४७ हजार होतात. आयकर नाही. सुट्टीचा पगार मिळतो. वर्षाला साडेपाच लाख. तिकीट, कपडे, घरी न्यायच्या वस्तू धरूनही तीन वर्षांत पंधराच्या आसपास पोचता.

शारजात शुक्रवार-शनिवार-रविवार सुट्टी, हे २०२२ पासून. ऐकायला छान, पण चार दिवसांत पाच दिवसांचं काम काढून घेतात.

खवचट_खान
'मैत्रिणींसोबत बेड स्पेस' हे शब्द किती गोड. एका खोलीत सहा पलंग आणि एक फ्रीज, त्यात प्रत्येकीच्या दह्यावर नावाची चिठ्ठी.

शारजाकर
चारच पलंग असतात हो. दह्याचं मात्र खरं आहे.

हेमाकाकू
मी जुन्या विचारांची म्हणा हवं तर. एकटी मुलगी, अनोळखी देश. तीन वर्षांत लग्नाचं वय निघून जाईल. पुण्या-मुंबईत चांगल्या शाळा नाहीत का? आपल्याकडेही भरती निघते की.

पवित्र_पापी
काकू, भरती निघते. मी शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या रांगेत उभा राहून म्हातारा झालोय, माझ्या नावावरून कळलंच असेल. लागलं तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. २०२३ मध्ये मानधन वाढलं ते प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २०. त्याआधी ६, ८ आणि ९ होतं. संस्थेत लागायचं तर संस्थाचालक काय मागतात ते इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पोरगी म्हणतेय तीन वर्षांत कर्ज फेडते, तर फेडू द्या.

कृष्णाकाठ
काकू, काळजीपोटी लिहिलंत, समजू शकते. आई पण हेच म्हणते. पण कर्ज आईच्याच नावावर आहे, त्यामुळे तिचा आवाज जरा बारीक आहे. :)

शारजाकर, तुमचा हिशोब वहीत उतरवून घेतला. जपानबद्दल कुणी सांगेल का?

तोक्यो_तडका
मी सांगते. जपानच्या शाळांत इंग्रजीचा सहायक शिक्षक म्हणून जो व्हिसा मिळतो, त्यासाठी, इंग्रजी मातृभाषा नसेल तर, १२ वर्षं इंग्रजी माध्यमात शिकल्याचा पुरावा मागतात. दहावीपर्यंत मराठी माध्यम म्हणजे अकरावी, बारावी, पदवी, एम.ए., बी.एड. मिळूनही बारा भरत नाहीत. खासगी इंग्रजी क्लासचा व्हिसा वेगळ्या प्रकारात येतो, तिथे पदवीवर जमतं, पण तेही 'नेटिव्ह' शोधतात. परदेशी सहायक शिक्षक आणायचा सरकारचा जेट कार्यक्रम १९८७ पासून चालू आहे, तिथे २०२५ पासून पहिल्या वर्षाचा पगार वर्षाला ४० लाख येनच्या वर नेलाय. पण भारतातून अगदी मोजके घेतात.

तोक्योत भारतीय शाळा आहेत, एदोगावा-कोतो भागात आपली वस्तीही मोठी. तिथे अर्ज करा. पण येन पडलाय आणि भाडी पडलेली नाहीत. एकटीने तोक्योत राहून शिल्लक टाकणं म्हणजे तारेवरची कसरत.

आता थोडं अवांतर. आपले योगेंद्र पुराणिक, २०१९ ला एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आलेले, ते नंतर इबाराकीत सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. त्यामुळे जपानी शाळेत मराठी माणूस चालत नाही, असं कुणी म्हणू नका. फक्त तो रस्ता लांबचा आहे आणि जपानी भाषेतून जातो.

कृष्णाकाठ
म्हणजे झेडपीच्या शाळेनं मला जपानमधून बाद केलं! बाईंना सांगते आता.

कॉन्व्हेंटची_कार्टी
मी बारावी धरून चौदा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, तरी मला व्हिएतनाममध्ये विचारलं, 'तू घरी इंग्रजी बोलतेस का?' म्हटलं, घरी भांडण मराठीत होतं, बाकी सगळं इंग्रजीत. नोकरी मिळाली, पण 'युरोपियन'पेक्षा कमी दरात. काम क्लासमध्ये, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी दिवसभर, कारण पोरं तेव्हाच मोकळी. अर्जावर फोटो मागतात, आणि तो का मागतात ते सगळ्यांना कळतं. शहर आवडलं, कॉफी आवडली, शिल्लक मास्तरांच्या थायलंडपेक्षा थोडीच बरी.

अभ्यासू_अण्णा
कोरियाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथला इंग्रजी शिक्षकाचा ई-२ व्हिसा मुळात सात देशांच्या नागरिकांना: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया व्यापार करार २०१० पासून लागू झाला, त्यात शिक्षकाचा परवाना असलेल्या भारतीयांसाठी फट ठेवलीय. कागदावर दार उघडं, पण शाळा आणि क्लासवाले सातांतलाच बघतात. चीनचंही तेच. शिवाय २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं खासगी शिकवण्यांवर टाच आणली, तेव्हा घरात बसून चिनी पोरांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचा धंदाही रातोरात बसला.

खवचट_खान
दक्षिण आफ्रिकेचा माणूस घरी झुलू किंवा आफ्रिकान्स बोलतो तरी 'नेटिव्ह'. आपण साहेबाची दीडशे वर्षं चाकरी केली ती फुकटच गेली म्हणायची.

नाना_इचलकरंजी
मंडळी, मी पंचाहत्तरीचा आहे, टायपिंग नातू करतोय. तुमचा सगळा हिशोब पगार वजा खर्च असा चाललाय. एक रकाना राहिला.

आमच्या तरुणपणी मास्तर लोक नायजेरियाला जात. तेलाचा पैसा होता, शाळा नव्या, शिक्षक नाहीत. माझे थोरले बंधू गेले, गणित आणि इंग्रजी शिकवायला. पगार आमच्या डोळ्यांत मावेना असा. पण पगाराचा ठराविक हिस्साच देशाबाहेर पाठवता येई, उरलेला तिथेच बँकेत. बंधू म्हणत, पडून राहू दे, निघताना एकदम आणू. १९८६ ला नायराची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत कोसळली. जो पैसा वेळेवर इथे आला त्याचं घर झालं. जो तिथे राहिला त्याचं घरी येताना एक रेडिओ आणि दोन सुटकेसी झाल्या. तो रेडिओ अजून आमच्या माडीवर आहे.

तेव्हा मुलीनं विचारावं: त्या देशाचं चलन कशाला बांधलेलं आहे, आणि पैसा दर महिन्याला बाहेर काढता येतो का?

शारजाकर
नाना, साष्टांग. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एक डॉलरला ३.६७२५, कित्येक वर्षं तोच. आणि पैसे पाठवायला अडकाठी नाही, पगाराच्या दिवशी मनी एक्स्चेंजसमोर रांग लागते तेवढाच त्रास.

पायाखाली_वाळू
नानांचा मुद्दा मालदीवला जसाच्या तसा लागू आहे. मी तिथल्या एका बेटावर सरकारी शाळेत इंग्रजी शिकवलंय. भारतीय शिक्षक भरपूर, केरळ-तमिळनाडूचे जास्त. पगार बरा, खर्च करायला बेटावर काहीच नाही. एक दुकान, एक जेटी, संध्याकाळी फुटबॉल. सगळं बोटीनं येतं, त्यामुळे कांदा महाग आणि टोमॅटो मऊ. शिल्लक म्हणाल तर मस्त पडते, पण रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात. तिकडे डॉलरचा तुटवडा आहे आणि बँकेतून महिन्याला किती पाठवायचं यावर मर्यादा. बाहेर काळ्या दरानं डॉलर घ्यायचे तर शिल्लकेचा मोठा लचका जातो. शिकवायला मात्र स्वर्ग. वर्गात वीस पोरं, खिडकीतून समुद्र.

भटकभवानी
मला तिथे पाठवा. मी शिल्लक टाकत नाही, अडचणच नाही.

पोटोबा
सगळे वाचतील तेव्हा वाचोत पैसे. तिथे खायचं काय? नोंथाबुरीचे मास्तर, शाकाहारी माणूस जगतो का?

नोंथाबुरीचा_मास्तर
जगतो. 'जे' असं लिहिलेलं पिवळं निशाण ज्या गाडीवर असेल तिथे खा. इतरत्र भाजीतही माशाचं पाणी असतं. मी दुसऱ्या महिन्यात अंड्यावर आलो आणि सहाव्या महिन्यात निशाण बघायचंच सोडलं.

शारजाकर
शारजाला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. इथल्या रोला भागात ज्वारीचं पीठ मिळतं, गणपतीला मोदक मिळतात. आईच्या हातचं सोडून सगळं मिळतं.

पोटोबा
माझं मत शारजाला.

सावध_सखाराम
एजंटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, नाव तिथे तपासा. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३० हजार अधिक जीएसटी घेता येतात. आमच्या गावातल्या एका मुलाकडून दोन लाख घेतले, 'थायलंडला इंग्रजी शिकवायचंय' म्हणून. बँकॉकला उतरला तर गाडी निघाली माए सोतच्या दिशेनं, म्हणजे म्यानमारची हद्द. त्यानं वाटेत पेट्रोल पंपावर गाडी सोडली आणि वाचला. पलीकडे ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने आहेत, २०२५ च्या मार्चमध्ये हवाई दलाच्या विमानांतून शेकडो भारतीय परत आणावे लागले. 'आधी टूरिस्ट म्हणून या, व्हिसा इथे बदलून देतो' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा.

कॉन्व्हेंटची_कार्टी
याला शंभर टक्के अनुमोदन. आणि पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. शाळा 'सुरक्षित ठेवतो' म्हणाली तरी.

घरकोंबडा
विरोधी मत नोंदवतो. मी पुण्यात बसून आयईएलटीएसचे (परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा) ऑनलाइन वर्ग घेतो. भाडं नाही, तिकीट नाही, कागदांचं अटेस्टेशन (साक्षांकन) नाही. पंजाब-गुजरातची पोरं फी देतात. परदेशी जाण्यापेक्षा परदेशी जाणाऱ्यांना शिकवा.

पवित्र_पापी
घरकोंबडा, हे तुमचं जमलं कारण तुमचं नाव झालंय. नाव व्हायला किती वर्षं लागली? तिचं कर्ज दर महिन्याला हप्ता मागतं. आणि तुमच्या घरात फायबर आहे, कृष्णाकाठी पावसाळ्यात लाईटच नसते.

घरकोंबडा
नाव व्हायला वेळ लागला, कबूल. पण आखातातून परत आल्यावर हा उद्योग धरायला हरकत नाही.

अभ्यासू_अण्णा
प्रमाणपत्राचा मुद्दा राहिला. इंग्रजी शिकवण्याचं १२० तासांचं ऑनलाइन टेफल प्रमाणपत्र स्वस्तात मिळतं, थायलंड-व्हिएतनामला चालतं. केंब्रिजचं सेल्टा महाग आहे, पूर्ण वेळ केलं तर महिनाभराचं, पण त्यात सहा तास प्रत्यक्ष वर्ग घ्यावा लागतो आणि कुणीतरी मागे बसून चुका काढतं. ओमानच्या कॉलेजांसारख्या ठिकाणी त्याला किंमत आहे. सीबीएसई शाळेला मात्र बी.एड. पुरे, तिथे यावर पैसे घालवू नका. हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठाची इंग्रजी अध्यापनाची पदविकाही आहे, पण ती घाईत असलेल्यांसाठी नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझं मन शारजाकडे झुकलंय. (पोटोबांमुळे नाही.) शारजाकर, तीन शंका आहेत. कागद कुठून सुरू करू? करारात काय बघू? आणि शाळेबाहेर शिकवण्या घेतल्या तर चालतात का?

शारजाकर
कागद: पदवी आणि बी.एड. दोन्ही. आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि इथे आल्यावर इथलं परराष्ट्र खातं. या क्रमात एक शिक्का राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. आजच गुणपत्रिका काढून बघा, नाव-आडनाव-वडिलांचं नाव पासपोर्टशी जुळतंय का. आपल्याकडे आडनाव आधी छापायची पद्धत, इथल्या कचेरीतल्या बाईंना ते पहिलं नाव वाटतं. एखादी पदवी बहिःस्थ किंवा मुक्त विद्यापीठाची असेल तर शाळेला आधीच सांगा, शिक्षकाच्या परवान्याच्या वेळी ते अडू शकतं.

करार: एकूण पगार बघू नका, त्यातला मूळ पगार किती ते बघा. नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते ती पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ पगारावर. माझ्या आधीच्या शाळेनं ४,००० पैकी मूळ १,६०० दाखवले होते, बाकी सगळे भत्ते. निघताना हातात काय आलं असेल ते ओळखा. जुलै-ऑगस्टचा पगार मिळणार हे लेखी हवं, तिकीट दर वर्षी की दोन वर्षांनी तेही.

शिकवण्या: पूर्वी चोरून चालायच्या. डिसेंबर २०२३ पासून सरकारनं खासगी शिकवणीचा परवाना सुरू केलाय, फुकट, दोन वर्षांचा, शाळेतले शिक्षकही घेऊ शकतात. बायकोनं घेतलाय. दहावीच्या दोन पोरी आल्या तरी तुमचं बेड स्पेसचं भाडं सुटतं.

आणि पैसे घरी पाठवायला भारतातल्या बँकेत एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं उघडा. त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही.

नाना_इचलकरंजी
दर महिन्याला पाठव गं. साठवून एकदम नको. (नातू म्हणतो, आजोबा, दिरहम बांधलेला आहे. मी म्हणतो, तरी.)

कृष्णाकाठ
हो नाना, दर महिन्याला. करार आला की शाळेचं नाव खोडून इथेच टाकते, सगळ्यांनी मिळून चिरफाड करा.

हेमाकाकू
बरं, जातेच आहेस तर एक विचारू का? माझा भाचा एम.एस्सी. गणित आहे, बी.एड. नाही. त्यालाही शारजा चालेल का?

शारजाकर
काकू, गणितवाल्यांना इंग्रजीपेक्षा जास्त मागणी आहे, पण बी.एड. करायला सांगा आधी. लग्नाचं वय निघून जाईल ते मात्र बघा. :)

खवचट_खान
वेगळा धागा काढा, काकू. इथे पोटोबांचं ज्वारीचं पीठ अजून दळून व्हायचंय.